जमीन गार होती

केसरबाईंची भैरवी संपली. मी ओट्यापाशी भांडी विसळत होते, हात ओले होते, म्हणून फोन बंद करायला दोन-चार सेकंद उशीर झाला. तेवढ्यात पुढचं गाणं सुरू झालं.

आधी गिटार. पण ती छेडलेली वाटेना. कुणीतरी एक सूर तारेवरून घासत वर नेला आणि वर पोचायच्या आतच सोडून दिला, असं काहीसं. मग एका पुरुषाचा आवाज. शब्द नाहीत. ‘अं’ आणि ‘आ’ यांच्या मधलं काहीतरी, पोटातून निघून नाकाशी येऊन विरणारं. दुखणाईत माणूस रात्री कूस बदलताना कण्हतो ना, तसं. फक्त हे कण्हणं अगदी सुरात होतं. मी नळ बंद केला आणि तीन मिनिटं तशीच उभी राहिले. कोपरावरून पाणी निथळून पावलांवर पडत होतं, हे गाणं संपल्यावर कळलं.

व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकर आहेत, हे आपल्याकडे गाणं ऐकणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं आणि आपण ते कौतुकाने एकमेकांना सांगतो. गोव्यातल्या केरीची मुलगी, अल्लादिया खाँसाहेबांची शिष्या, आणि तिचा आवाज आता सूर्यमालेच्या पलीकडे. मीही त्या कौतुकापोटीच तबकडीवरच्या गाण्यांची यादी लावली होती. यादीत केसरबाईंच्या लगेच पुढे कोण आहे, हे मात्र मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तिथे टेक्सासमधला, रस्त्याच्या कडेला उभं राहून गाणारा एक आंधळा माणूस आहे. ब्लाइंड विली जॉन्सन. गाण्याचं नाव ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’. रात्र काळोखी होती, जमीन गार होती.

केसरबाई विचारतात, ‘जात कहाँ हो’, एकटीच कुठे निघालीस? आणि त्यांचा षड्ज विरतो न विरतो तोच हे. क्रम लावणाऱ्यांनी अर्थ जुळवून लावला नसेलही. मला मात्र तेव्हापासून ती दोन गाणी एकमेकांपासून वेगळी काढता आलेली नाहीत.

त्या रात्रीनंतर गेली काही वर्षं मी या माणसाच्या मागावर आहे. मागावर म्हणजे काय, तर ऐकते आणि मिळेल ते वाचते. ऐकायला फार नाहीच. तीस गाणी. १९२७ ते १९३० या अडीच वर्षांत कोलंबिया कंपनीने चार वेळा मुद्रित केलेली, एवढीच. फोटो एकच ठाऊक आहे. त्यात तो गिटार घेऊन बसलाय, डोळे मिटलेले, आणि गिटारीच्या शेंड्याला पत्र्याचा पेला अडकवलेला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी नाणं टाकावं म्हणून. तो पेला मी किती वेळा मोठा करून पाहिला असेल. वाजवताना गिटार हलली की आतली नाणी खुळखुळत असतील, आणि त्या खुळखुळण्यावरून त्याला आजच्या कमाईचा अंदाज येत असेल.

जन्म १८९७चा, जानेवारीतला, टेक्सासमधल्या पेंडलटन नावाच्या लहानशा वस्तीतला. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीसाठी तरुणांना नाव नोंदवावं लागे, त्या १९१८च्या कागदावर ही जन्मतारीख आहे, आणि तो आंधळा असल्याची नोंदही तिथेच आहे. जन्मतः तो आंधळा नव्हता. त्याची बायको अँजेलिन हिने पुढे सांगितलेली हकिगत अशी : बापाने सावत्र आईला मारलं, आणि तिने चिडून कॉस्टिकचं पाणी या पोराच्या तोंडावर फेकलं. तेव्हा तो सात वर्षांचा असेल. दुसऱ्या कुणाची साक्ष या गोष्टीला नाही. मी ती खरी मानते आणि तरी दर वेळी वाचताना वाटतं, खोटी निघाली तर किती बरं होईल.

सिगारच्या लाकडी खोक्याला तार लावून केलेली गिटार त्याच्या हातात आली ती याही आधी. मोठेपणी तो टेक्सासमधल्या गावांतून फिरला, चर्चमध्ये गायला आणि बाजाराच्या दिवशी नाक्यावर उभा राहून गायला. कापसाच्या पैशाने शनिवारी गावात गर्दी होई, तेव्हा पेल्यात चार नाणी जास्त पडत.

त्याला ब्लूजवाला, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांचं ते लौकिक गाणं गाणारा, म्हणायचं का, यावर जाणकारांत वाद आहे, आणि मला तो वाद महत्त्वाचा वाटतो. जगभरच्या ब्लूजच्या इतिहासांत त्याचं नाव पहिल्या फळीत असतं. पण त्याने एकही ब्लूज मुद्रित केला नाही. दारू, बाई, सोडून गेलेली मैत्रीण, सकाळची रेल्वे, यातलं काहीही तो गायला नाही. त्या काळच्या काळ्या, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या घरांत ब्लूज म्हणजे सैतानाचं गाणं, आणि विली गायचा ते फक्त देवाचं. हात मात्र ब्लूजचे होते. अंगठ्याने खालच्या तारेवर धरलेला ठेका, वरच्या तारेवर घसरत जाणारा सूर, आणि शुद्ध गंधार की कोमल गंधार असा प्रश्न विचारायलाच जागा न ठेवणारा तो मधला गंधार. आपल्याला मींड ठाऊक आहे, त्यामुळे परदेशी कानाला जे नवल वाटतं ते आपल्याला ओळखीचं वाटतं. तारेवर तो काय घासायचा, चाकू की बाटलीचा गळा की पितळी कडं, यावरही सांगणाऱ्यांचं एकमत नाही. पण सूर ज्या नेमकेपणाने जागेवर जाऊन बसतो, तो ऐकावा. पडदा दिसत नाही, दाबायचा नाही, फक्त कानाने जागा शोधायची. न दिसणाऱ्या माणसाला अंतर कानानेच मोजायची सवय असते, असं मला ऐकताना वाटत राहतं.

३ डिसेंबर १९२७. डॅलस. कोलंबियाचे फ्रँक वॉकर यंत्रं घेऊन तिथे आले होते. त्या काळी कंपन्या अशा दक्षिणेकडच्या शहरांत तात्पुरता स्टुडिओ थाटत आणि आसपासच्या गाणाऱ्यांना बोलावून घेत. काळ्या गायकांच्या तबकड्या वेगळ्या क्रमांकांनी, ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाखाली, काळ्या गिऱ्हाइकांसाठीच निघत. विलीने त्या दिवशी सहा गाणी म्हटली. पाचांना शब्द आहेत. एकाला नाहीत.

हे बिनशब्दांचं गाणं मुळात बिनशब्दांचं नाही. अठराव्या शतकातल्या टॉमस हॉइस नावाच्या इंग्रज पाद्र्याने लिहिलेलं ते भक्तिगीत आहे. येशूला पकडून नेलं त्या रात्रीचं. गेथसेमनेच्या बागेत तो एकटा प्रार्थना करतोय, शिष्य झोपी गेलेत, रात्र काळोखी आहे, ज्या जमिनीवर तो पडलाय ती गार आहे. विलीने शब्द सगळे काढून टाकले आणि फक्त चाल ठेवली, आणि तीही पुरती ठेवली नाही.

त्याला तसं का करता आलं, हे मला पुस्तकातून कळलं. पण खरं समजलं ते वाईच्या आत्यामुळे.

आत्या दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला जायची. नुसती जायची नाही, तीच पुढे असायची. पुढे बसून पहिली ओळ ती घ्यायची, मग मागच्या बारा-पंधरा बायका ती उचलायच्या. लहानपणी सुट्टीत मी तिच्या मांडीशी बसलेली असे. तिच्या टाळांचा गोंडा विटून गुलाबी झाला होता आणि दोरी तिने दोनदा बदलली होती. ती म्हणायची, “पुढच्याने ओळ टाकायची असते गं, पुरी करायची नसते. पुरी मागचे करतात. मागच्यांनी नाही उचललं तर भजन बुडालं.”

अमेरिकेतल्या काळ्या बाप्टिस्ट चर्चमध्ये जुन्या पद्धतीचं भक्तिगीत असंच असतं. गुलामीच्या काळात दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. मग पुस्तक कोण धरणार? एक जण ओळ टाकायचा, झरझर, जवळजवळ बोलल्यासारखी. मग सगळी मंडळी ती ओळ धरून संथ, अतिसंथ ओढत न्यायची. प्रत्येक अक्षरावर सूर वर जातोय, खाली येतोय, शेजारचा थोडा पुढे, मागचा थोडा मागे, आणि सगळ्यांचा मिळून समुद्रासारखा एक आवाज. शब्द त्यात विरघळून जातो. विरघळला तरी चालतो, कारण तो सगळ्यांना पाठ असतो. अशा मंडळीत एखादा नुसता ‘अं’ करून सूर धरतो तेव्हा त्याला शब्द विसरलेले नसतात. त्या ‘अं’मध्ये पूर्ण ओळ असते.

आता विलीचं गाणं पुन्हा लावा. तो एक ओळ टाकतो, बिनशब्दांची, आणि अर्ध्यात सोडतो. खरंच सोडतो, आवाज तुटतो. मग ती ओळ गिटार उचलते. तोच सूर, तोच कंप, जिथे गळा थांबला तिथून पुढे. मग पुन्हा तो. पुन्हा गिटार. स्टुडिओत एकटा बसलेला माणूस पुढचाही आहे आणि मागचाही. मंडळी नाही, तर त्याने सहा तारांची मंडळी केली. रस्त्याच्या नाक्यावर, जिथे लोक थांबत नाहीत, नाणं टाकून पुढे जातात, तिथे वर्षानुवर्षं गाऊन हे त्याला साधलं असणार. मागचं कुणी उचलणार नाही याची खात्री असलेल्या माणसाने भजन बुडू दिलं नाही.

हे एकदा कानाला कळलं की ‘किती दर्दभरा आवाज’ वगैरे म्हणायचा मोह होत नाही. दुःख आहेच, पण त्याहून मोठी आहे ती ही बांधणी.

त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ‘इट्स नोबडीज फॉल्ट बट माइन’ आहे, ‘दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच’. त्याचा आशय साधा : घरात बायबल आहे, आईने वाचायला शिकवलंय, आता वाचलं नाही आणि जीव भरकटला तर दोष कुणाचा? एक आंधळा माणूस हे छातीतून खरखरणाऱ्या आवाजात म्हणतो. वाचायचं राहून गेलं, दोष माझाच. मला हे ऐकवत नाही आणि ऐकल्याशिवाय राहवतही नाही.

तो खरखरीत आवाज त्याचा नेहमीचा नव्हता, हेही सांगायला हवं. ‘लेट युअर लाइट शाइन ऑन मी’ हे १९२९ साली न्यू ऑर्लिन्समध्ये मुद्रित झालेलं गाणं ऐका. सुरुवातीला तो स्वच्छ, मोकळ्या, जवळजवळ कोवळ्या गळ्याने गातो. मग एका जागेपासून घसा मुद्दाम घट्ट करतो आणि तो घर्षणाचा आवाज काढतो. रस्त्यावरच्या धर्मोपदेशकांना गर्दीच्या वर ऐकू जायला असा आवाज लागे. म्हणजे ती जखम नव्हे, हत्यार होतं, आणि ते त्याने कमावलेलं होतं.

त्याच्या बऱ्याच गाण्यांत मागून एका बाईचा आवाज येतो. तो गुरगुरतो, ती त्याच्या पाठीमागे ओळ सरळ करून घेते, शब्द स्पष्ट करते, त्याने गिळलेलं शेवटचं अक्षर बाहेर आणते. आत्या ज्यांना ‘मागचे’ म्हणायची ती हीच. अनेक वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं की ही अँजेलिन. पन्नासच्या दशकात सॅम्युअल चार्टर्स नावाचा तरुण संशोधक टेक्सासमधल्या बोमाँट गावात अँजेलिनला जाऊन भेटला होता. विलीबद्दल आपल्याला जे कळलं त्यातलं बरंचसं त्या भेटीतून आलं, आणि बाईचा आवाज तिचाच हेही त्यासोबत गृहीत धरलं गेलं. सत्तरच्या दशकात मार्लिन गावात विली बी. हॅरिस नावाची म्हातारी सापडली. ती जॉन्सनची आधीची जोडीदारीण, त्याच्या मुलीची आई. आवाज तिचा होता. कितीतरी वर्षं तिच्या गाण्याचं श्रेय दुसरीच्या नावावर जमा होत होतं, आणि ती बाई तिथेच, त्याच टेक्सासमध्ये, आपलं आपलं जगत होती. विलीच्या वारशाबद्दल लिहिणारे त्याची गिटार कुणी-कुणी उचलली ते सांगतात. मला आधी हिचं नाव घ्यावंसं वाटतं. ‘कीप युअर लँप ट्रिम्ड अँड बर्निंग’ हे गाणं तिच्याशिवाय निम्मंसुद्धा उभं राहत नाही.

बाकीच्या गाण्यांतून तो आपल्या शाहिरांसारखा बातमीही सांगायचा. टायटॅनिक बुडाल्याचं गाणं आहे, महायुद्धाचं आहे, आणि १९१८च्या फ्लूच्या साथीचं एक आहे. त्यात तो सांगतो की रोग हवेतून पसरला, डॉक्टरांचं काही चालेना, आणि लोकांना हुकूम निघाला : शाळा बंद करा, चर्च बंद करा. २०२०च्या एप्रिलमध्ये, खिडकीखालचा रस्ता दुपारी बारा वाजता मोकळा पडलेला असताना मी ते गाणं ऐकलं. त्यानंतर आठवडाभर त्याच्याकडे वळले नाही.

१९३०च्या एप्रिलमध्ये अटलांटात शेवटची दहा गाणी झाली. तोवर महामंदी आली होती. तबकड्या विकत घेणाऱ्या गरिबांच्या खिशात पैसे उरले नाहीत आणि कोलंबियाने त्याला पुन्हा बोलावलं नाही. पुढची पंधरा वर्षं तो पुन्हा नाक्यावर. याबद्दल मला फार लिहायचं नाही. लिहिण्यासारखं कुणी टिपूनच ठेवलं नाही.

शेवट बोमाँटमध्ये. १९४५च्या शहराच्या नोंदवहीत त्याच्या पत्त्यावर ‘हाउस ऑफ प्रेयर’ असं प्रार्थनाघर आहे आणि तो तिथला रेव्हरंड. घराला आग लागली. अँजेलिनच्या सांगण्यानुसार, आग विझल्यावर जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती दोघं त्याच घरात परत झोपली. पांघरुणं जळाली होती, गादी ओली होती. तिने गादीवर वर्तमानपत्रं अंथरली. त्यावर तो झोपला, आणि आजारी पडला. ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली तर तिथे घेतलं नाही, आंधळा म्हणून, असं ती सांगते. काळ्या माणसाला नाकारायला त्या काळच्या टेक्सासमध्ये आणखी कारणंही शोधावी लागत नव्हती. १८ सप्टेंबर १९४५ला तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर मलेरियाचा ताप लिहिलंय. काळ्यांसाठीच्या ब्लँचेट दफनभूमीत त्याला पुरलं. दगड नव्हता, त्यामुळे नेमकी जागा हरवली. २०१० नंतर तिथे त्याच्या नावाचा दगड आहे, पण खाली तोच आहे असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

ओल्या गादीवरची वर्तमानपत्रं. अठरा वर्षांपूर्वी डॅलसमध्ये त्याने जी जमीन गायली होती, ती.

पुढचं सगळं तसं प्रसिद्ध आहे. १९५२मध्ये हॅरी स्मिथने जुन्या तबकड्यांचा जो मोठा संग्रह काढला त्यात त्याचं ‘जॉन द रेव्हेलेटर’ होतं, आणि त्या संग्रहावर एक पूर्ण पिढी वाढली. इटालियन दिग्दर्शक पासोलिनीने १९६४मध्ये येशूच्या जीवनावर चित्रपट केला, त्यात हे बिनशब्दांचं गाणं वापरलं. गिटारवादक राय कूडरने ‘पॅरिस, टेक्सास’ या १९८४च्या चित्रपटाचं संगीत याच गाण्याच्या सुरांवर उभारलं; वाळवंटातून चालत येणारा तो मूक माणूस ज्यांनी पाहिलाय त्यांनी विलीला ऐकलेलंच आहे, फक्त नाव ठाऊक नसेल. लेड झेपेलिन या रॉक बँडने १९७६मध्ये ‘नोबडीज फॉल्ट बट माइन’ केलं आणि श्रेय स्वतःचंच लावलं. ते गाणं मला आवडतं, कॉलेजमध्ये मी ते नाचत ऐकलंय. पण तबकडीवर विलीचं नाव घालायला काही खर्च येत नव्हता. यावर मी मऊ व्हायला तयार नाही. त्याच्याकडे जे एकच होतं, ते तेवढंच तर होतं.

आणि मग १९७७. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन यानांसाठी तांब्याची, वरून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बनवली. नव्वद मिनिटांचं संगीत, सत्तावीस तुकडे. पंचावन्न भाषांतली अभिवादनं. त्यात मराठीही आहे. एका मराठी बाईच्या आवाजात ‘नमस्कार’ आहे आणि पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा आहेत. केसरबाईंची तबकडी मिळवताना त्या मंडळींची बरीच पळापळ झाली. शेवटी न्यूयॉर्कमध्ये लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, न उघडलेल्या तीन प्रती निघाल्या. मिक्सर-इस्त्र्यांच्या सोबतीने पडून होत्या. २० ऑगस्टला एक यान उडालं, ५ सप्टेंबरला दुसरं. १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत गेल्या. ज्या बाईंनी रेकॉर्डिंगवाल्यांना शक्यतो लांब ठेवलं, आपलं गाणं असं कुठेही, कुणाच्याही घरात वाजावं हे ज्यांना रुचत नव्हतं, त्यांचा तीन-साडेतीन मिनिटांचा तुकडा आता सगळ्यांत लांब जाऊन बसला आहे. आणि शेजारी नाक्यावर नाण्यांसाठी गाणारा विली. आयुष्यात एका खोलीत यांना कुणी बसवलं नसतं.

सेगन यांच्या मंडळींनी विलीचं गाणं का निवडलं ते लिहून ठेवलंय. रात्र पडते आणि झोपायला जागा नसते, ही अवस्था त्या माणसाने अनेकदा भोगली होती आणि माणूस पृथ्वीवर आल्यापासून क्वचितच अशी रात्र गेली असेल जेव्हा ती कुणाच्या तरी वाट्याला आली नाही, अशा अर्थाचं. मला हे कारण फार मोलाचं वाटतं, कारण त्यात बढाई नाही. परग्रहावर पाठवायच्या वस्तूत आपण आपलं बेघरपण घातलं.

पण त्यापुढचं, अनेकजण जे डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, ते मला मान्य नाही. ‘पृथ्वीवर ज्याला छप्पर मिळालं नाही तो ताऱ्यांमध्ये पोचला.’ पोचला तो तांब्यावर उमटलेला कंप. माणूस ब्लँचेटमध्ये आहे. त्याला १९४५च्या सप्टेंबरमध्ये कोरडी गादी, एक घोंगडी आणि दवाखान्यात एक खाट हवी होती. तिथून संदेश यायला आता तेवीस तासांहून जास्त वेळ लागतो, इतक्या दूर त्या दोनांतलं एक यान गेलंय. पण ते अंतर त्या खाटेची भरपाई म्हणून मोजता येत नाही. त्याच्या गाण्याचं मोठेपण सांगायला हे समाधान लागतही नाही. ते गाणं कुठे गेलं यात नाहीये, ते कसं बांधलंय यात आहे. अर्धी ओळ टाकलेली आहे, अर्धी कुणीतरी उचलायची आहे.

दोन वर्षांपूर्वी आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळं समजायचं तिला, पण तोंडातून दोनच शब्द यायचे, ‘बरं का’. पाणी हवं, बरं का. खिडकी लाव, बरं का. मुलगा आला, बरं का, आणि मग रडू. वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, की बोलता न येणाऱ्या अशा माणसांना पुष्कळदा गाता येतं, गाणं मेंदूत वेगळ्या वाटेने चालतं. त्यांच्यासोबत म्हणत जा. आम्ही म्हणायचो. तिच्याच गुरुवारच्या चाली. ती तोंडाकडे बघत राहायची, ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मग तीच मान वळवायची. मला वाटतं, आम्ही पुढची ओळ घेत होतो, हे तिला पटत नव्हतं. ती जागा तिची होती.

एका रात्री तिच्याजवळ मी होते. तिला झोप नव्हती. मी उशीजवळ फोन ठेवून बारीक आवाजात विलीचं गाणं लावलं, तिच्यासाठी नाही, माझ्यासाठीच. रस्त्यावरच्या दिव्याचा पट्टा छतावर पडला होता. तो कण्हला, थांबला. गिटारीने उचललं. तो पुन्हा कण्हला. आत्याने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, फोनकडेही नाही, वर बघत होती. तिसऱ्या की चौथ्या ओळीला, तो जिथे सोडतो तिथे, गिटारीच्या आधी तिने ‘अं’ केलं. सूर लागला नव्हता, पार खाली होता. तिने तो ओढला, थरथरत वर आणला आणि जागेवर नेऊन ठेवला. डाव्या हाताची बोटं पांघरुणावर उघडत-मिटत होती, टाळ धरल्यासारखी.

गाणं संपलं. यादीत त्यापुढे बेथोव्हेन आहे, चार वाद्यांचा, अतिशय सुंदर. तो सुरू व्हायच्या आत मी फोन बंद केला, कारण आत्या थांबली नव्हती. तिने एक ओळ टाकली आणि अर्ध्यात सोडली, आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.

मी उचलली.